दारापुढचे तीन हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘घराच्या दारापुढची जागा’ असे सांगितले. चालक सज्जन आहेत. ते हसले नाहीत. पण वसंतात श्रोते जमतात ते ज्ञानेश्वरी, गीतारहस्य, फार तर पानिपत ऐकायला. गटारावरची फरशी आणि मोटार आत घेण्याचा सिमेंटचा उतार यांची हकीकत ऐकायला कोण येणार, ही शंका त्यांच्या मुद्रेवर आम्हांला स्पष्ट दिसली. शंका रास्त आहे. ज्या गावाला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, डोंगरात जैन लेणी आहेत, रेणुकामातेचे ठाणे आहे आणि जिथे एके काळी टाकसाळ चालत होती, त्या चांदवडात इतिहास सांगायला विषयांचा काय तोटा? तरीही आम्ही दारापुढचे तीन हातच निवडले. रंगमहाल आपण पाहुणे आले म्हणजे दाखवतो. दारापुढचे तीन हात आपण रोज सकाळी झाडतो, त्यावर सडा घालतो, आणि त्यांच्याचवरून शेजाऱ्याशी भांडतो.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण संघटनेच्या कचेरीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून झाले. हमाल, हातगाडीवाले, विड्या वळणाऱ्या बाया, मागावरचे कामगार यांच्यात आयुष्य गेले. हा विषयही त्यांनीच आमच्या गळ्यात घातला. तो कसा, तेवढे आधी सांगतो.

जिल्ह्यातल्या एका शहरात (नाव सांगण्याचे कारण नाही) काही वर्षांपूर्वी रस्ते मोकळे करण्याची मोहीम निघाली. सकाळी ट्रक आला आणि आमच्या सभासदांच्या हातगाड्या तराजूंसकट उचलून घेऊन गेला. दुपारी आम्ही दोन कार्यकर्ते बरोबर घेतले आणि टेप लावून तीच गल्ली मोजली. हातगाडी जिथे उभी राहत होती, तिथे तिने रस्त्याची चार फूट जागा घेतली होती. तिच्या समोरच्या बंगल्याचा मोटारीचा उतार गटार ओलांडून साडेचार फूट रस्त्यात आलेला होता. हातगाडी रात्री घरी जात असे. उतार आठही प्रहर जागचा हलत नव्हता. आम्ही कचेरीत जाऊन विचारले, तेव्हा तेथील अधिकारी शांतपणे म्हणाले, “हातगाडी हे अतिक्रमण आहे. तो उतार आहे.” त्या उत्तरात त्यांना काही वावगे वाटले नाही. आम्ही ते वहीत लिहून ठेवले. त्या एका वाक्याचा अर्थ लावता लावता शेजारपाजारच्या गावांचे नियम आम्ही वाचत गेलो, आणि आजचे व्याख्यान तयार झाले.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. आपल्याकडे घराच्या दाराचे दोन प्रकार होते. एक सरदार-सावकाराच्या वाड्याचे. त्याला उंच दरवाजा, दरवाजात माणसापुरती दिंडी, आत देवडी, देवडीपलीकडे चौक आणि घोड्यांची पागा. मेणा असो, घोडा असो, रथ असो, तो दरवाजातून सरळ आत जाई. म्हणजे आज नगररचनेचे नियम ज्याला ‘स्वतःच्या आवारात वाहन उभे करणे’ म्हणतात, ती वहिवाट मुळात वाड्याची. ज्याच्याजवळ वाहन होते त्याच्याजवळ आवारही होते.

दुसरा प्रकार तुमच्या-आमच्या घराचा. घर रस्त्याला लागून. जोते दोन हात उंच, त्याला दगडी पायऱ्या, आणि बाजूला ओटा. बैलगाडी असलीच तर ती परसात नाहीतर खळ्यात. कित्येक घरांच्या पायऱ्या रस्त्यावर पुढे आलेल्या असत, ओटाही हातभर पुढे सरकलेला असे. मोजणीदाराच्या दृष्टीने हेही अतिक्रमणच. पण ओट्याचा व्यवहार एकतर्फी नव्हता, हे ध्यानात घ्या. ओट्यावर वाटसरू बसे, पावसात सापडलेला अनोळखी माणूस उभा राही, टपालवाला पाणी मागे. येवल्याला पैठणीचे सूत ओट्यावर उकलले जाई. सिन्नरला विडीची पाने ओट्यावर कातरली जात. आपल्याकडे डाळी, कुरडया ओट्यावर वाळत. ओट्याने रस्त्याचे हातभर घेतले आणि त्याच्या बदल्यात रस्त्याला सावली दिली, बैठक दिली. हा न लिहिलेला करार होता, आणि दोन्ही बाजू तो पाळत होत्या.

राज्यकर्त्यांचे लक्ष या जागेकडे फार पूर्वीपासून आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पाव पण दंड सांगितला आहे; राजमार्गावर तोच गुन्हा घडला तर दंड दुप्पट. रोमन लोकांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात वाट सरळ असेल तिथे आठ फूट आणि वळणावर सोळा फूट असावी, असे होते. गाडी वळायला जागा जास्त लागते, हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. लंडन १६६६ साली जळाले. पुढच्याच वर्षी जो कायदा झाला त्याने रस्त्यांच्या प्रती ठरवल्या आणि घराचे वरचे मजले रस्त्यावर झुकते बांधण्यास बंदी केली. या सर्वांत एक समान धागा आहे: संकट आले, गर्दी वाढली, की दारापुढची जागा मोजायला टेप निघतो.

आपल्या प्रांतात तो टेप इंग्रजांबरोबर आला. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८५० साली एक कायदा झाला, त्याने गावातल्या लोकांनी मागणी केली तर नगरपालिका स्थापण्याची सोय केली. आपल्या जिल्ह्यात येवल्याला १८५८, मालेगावला १८६३ आणि नाशिकला १८६४ साली नगरपालिका झाली. या पालिकांच्या पुढे पहिले प्रश्न होते ते पाणी, दिवाबत्ती आणि गटार यांचे. गटार काढायचे तर ते कुठून? घराच्या जोत्याच्या आणि रस्त्याच्या मधून. म्हणजे नेमके ओट्याखालून. ओटा आणि पालिका यांची पहिली गाठ पडली ती गटाराच्या काठावर.

मुंबई शहरासाठी १८८८ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात ‘रस्त्याची नियमित रेषा’ ही कल्पना स्पष्टपणे मांडलेली आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कागदावर एक रेघ ओढायची. घर पडून नवे बांधायची वेळ आली, की मालकाने त्या रेघेमागे सरायचे. त्याच कायद्याने रस्त्यावर पुढे आलेली बांधकामे काढण्याचा अधिकार पालिकेला दिला. परंतु पूर्वीपासून रीतसर उभे असलेले बांधकाम काढायला लावले तर त्याची भरपाई द्यावी, असेही म्हटले. हे दुसरे कलम फार महत्त्वाचे. माणसाने ज्या वेळी ओटा बांधला त्या वेळी तो गुन्हा नव्हता, हे कायद्याने मान्य केले.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली मुंबईत शहरसुधारणेसाठी वेगळे मंडळ स्थापन झाले. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने छोट्या शहरांच्या पालिकांनाही रस्त्यातील अडथळे व पुढे आलेली बांधकामे यांविषयी अधिकार दिले. १९१५ साली मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा तो पहिलाच. या सर्व कायद्यांच्या मुळाशी खरी गरज होती, हे मान्य केले पाहिजे. अरुंद रस्ता हा नुसता गैरसोयीचा नसतो, तो कधी कधी प्राण घेतो. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, नाशिकला पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मेले. त्याची कारणे अनेक होती. पण माणसांच्या लोंढ्याला बाजूला सरायला जागा नव्हती हे त्यांतले एक. रस्त्याची रेघ गरिबाला छळण्यासाठीच ओढली जाते, असे म्हणणारे आमच्या चळवळीत आहेत. त्यांच्याशी आमचे मत जुळत नाही. रेघ पाहिजेच. ती सर्वांना सारखी लागू आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे शेजारच्या गावांच्या तुलनेकडे येऊ. नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिक, पुढे सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरवर चांदवड, आणि त्यापुढे चाळीसएक किलोमीटरवर मालेगाव. बाजूला पंचवीस किलोमीटरच्या आत मनमाड, रेल्वेचे गाव. चौघे शेजारी. एकाच्या मुली दुसऱ्याकडे दिलेल्या, एकाचा कांदा दुसऱ्याच्या बाजारात. पण दारापुढच्या तीन हातांबाबत हे चौघे कित्येक वर्षे वेगवेगळ्या कायद्यांखाली नांदले.

नाशिकला १९८२ साली महानगरपालिका झाली, मालेगावला २००१ साली. त्यांना लागू तो १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा. मनमाडला नगरपरिषद, तिला लागू तो १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा. आणि आपले चांदवड तालुक्याचे ठिकाण असूनही २०१५ पर्यंत ग्रामपंचायतच होते. त्याला लागू तो १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. तिन्ही कायद्यांत सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करू नये, असेच लिहिले आहे. शब्द जवळपास सारखे आहेत. फरक आहे तो टेप कोणाच्या हाती, यात.

महानगरपालिकेत टेप आयुक्तांच्या हाती. १९४९ च्या कायद्याच्या २३१ व्या कलमाने रस्त्यावर नियमाविरुद्ध उभी केलेली, ठेवलेली किंवा विक्रीला मांडलेली वस्तू नोटिशीशिवाय हलवण्याचा अधिकार त्यांना दिला आहे. नगरपरिषदेत तो अधिकार मुख्याधिकाऱ्यांकडे; तेही शासनाचे नोकर, बदलीवर येणारे आणि जाणारे. ग्रामपंचायतीत मात्र तो पंचायतीकडे, ५३ व्या कलमाखाली. तिने केले नाही तर जिल्हाधिकारी करू शकतात. आता विचार करा. आयुक्तांना ज्याचा ओटा पाडायचा त्याचे नावही ठाऊक नसते. सरपंचाला त्याचे नाव, आडनाव, भावकी आणि मागच्या निवडणुकीतले त्याचे मत, सारे ठाऊक असते. एके ठिकाणी न्याय आंधळा, दुसरे ठिकाणी ओळखीचा. दोहोंतही धोका आहे. मोठ्या शहरात टेप लवकर निघतो आणि हातगाडीवर पडतो, कारण ती उचलायला सोपी. लहान गावात टेप निघतच नाही, कारण तो कुठून सुरू करायचा हाच प्रश्न असतो.

एवढ्यानेही गुंता संपत नव्हता. चांदवडसारख्या गावात गावाच्या आतही दोन राज्ये होती. गावठाणात घर बांधायचे तर ग्रामपंचायतीची परवानगी. तिथे घर रस्त्याला लागूनच. पुढे जागा सोडण्याची चाल नाही. गावठाणाबाहेर शेतजमीन बिनशेती करून प्लॉट पाडले, की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तिथे रस्त्याची रुंदी ठरलेली, घराच्या पुढे आणि बाजूला सामासिक अंतर सोडणे भाग. म्हणजे पेठेतल्या सोनाराच्या घरापुढे ओटा आहे पण अंगण नाही, आणि कॉलनीतल्या गुरुजींच्या घरापुढे अंगण आहे पण ओटा नाही. पेठेतल्या मुलाने मोटार घेतली तर ती रस्त्यावर, आणि कॉलनीतल्या मुलाने घेतली तर ती अंगणात, पण अंगणात चढवायला उतार रस्त्यावर!

महामार्गाला लागून राहणाऱ्यांचे तिसरेच राज्य. राष्ट्रीय महामार्गालगतच्या जमिनीवरून महामार्गावर वाट काढायची तर २००२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्या खात्याची परवानगी लागते. तिथे ना सरपंच, ना मुख्याधिकारी. मोटारी ताशी शंभर किलोमीटर वेगाने जातात, तिथे प्रत्येक घराने आपापली वाट फोडली तर काय होईल, हे सांगायला नको. विलायतेत १९३५ साली याच कारणासाठी कायदा करावा लागला होता; रस्त्याच्या कडेने माळेसारखी घरे वाढत जातात, ती आवरण्यासाठी.

आता अलीकडच्या दोन तारखा सांगतो. २०१३ साली राज्यातल्या नगरपरिषदांसाठी एकसारखी विकास नियमावली मंजूर झाली. आणि २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रे सोडून साऱ्या महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. दरम्यान २०१५ साली चांदवडची नगरपंचायत झाली होती. त्यामुळे आता नाशिक, मालेगाव, मनमाड आणि चांदवड या चौघांच्या हाती बांधकामाचे एकच पुस्तक आले आहे. शेजाऱ्यांच्या तुलनेत ही फार मोठी घटना आहे. पण मोर्चा निघाला नाही, भाषण झाले नाही, म्हणून ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

या पुस्तकात मोटारीला जागा किती द्यायची हे बारकाईने लिहिले आहे. एका मोटारीला अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब. दुचाकीला एक मीटर रुंद व दोन मीटर लांब. मोठ्या घराला मोटारीच्या जागा जास्त, लहान घराला कमी. तळघरात उतरणाऱ्या वाटेचा चढ फार उभा नसावा. आणि शहराच्या दर्जाप्रमाणे या कोष्टकाला गुणक लावला आहे. मोठ्या शहराला अधिक, लहान गावाला कमी. म्हणजे पुस्तक एक झाले तरी शेजाऱ्यांतला फरक गुणकाच्या रूपाने शिल्लक आहे, आणि तो योग्यही आहे. चांदवडच्या गल्लीला नाशिकच्या कॉलेज रोडचे माप लावणे शहाणपणाचे नव्हे.

येथवर आम्ही वाचत आलो तेव्हा आम्हांला आनंद झाला. पण आमच्या वहीतले ते वाक्य काही सुटले नाही. म्हणून पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले. तेव्हा ध्यानात आले की हे सारे नियम प्लॉटच्या हद्दीच्या आतले आहेत. आत मोटार किती मीटर जागेत उभी राहील, हे ठरले. पण ती रस्त्यावरून आत जाणार कशी? जोते उंच, रस्ता खाली, मधे गटार. त्या हद्दीबाहेरच्या दोन-तीन हातांत घरमालक स्वखुशीने उतार बांधतो. परवानगीच्या नकाशात तो दिसत नाही, कारण नकाशा हद्दीशी थांबतो. हद्दीच्या आत नियमांचे जाडजूड पुस्तक, आणि हद्दीच्या बाहेर १९०१ पासून चालत आलेला एकच शब्द: अडथळा. तो शब्द कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, हे पुस्तकात नाही. ते टेप धरणाऱ्याच्या मनावर आहे. आमच्या हातगाड्या गेल्या आणि उतार राहिला, त्याचे कारण हे.

आणखी एक गंमत पाहा. मोटारीला आत जागा द्या, असा आग्रह कायदा धरतो, कारण ती रस्त्यावर उभी राहू नये. पण एका घराचा उतार झाला की त्या उतारापुढे दुसरे कोणी वाहन लावू शकत नाही. घरमालक कुंड्या ठेवतो, साखळी बांधतो. रस्त्यावरची सर्वांची जागा एकाची होते. गटारावर सिमेंट ओतल्यामुळे सफाई कामगाराचा फावडा आत जात नाही. पावसाळ्यात पाणी तुंबते आणि ते उतारवाल्याच्या घरात न शिरता समोरच्या खोलगट घरात शिरते. त्या गटारात उतरून हाताने गाळ काढणारा माणूस कोण असतो, हे आम्ही सांगायला नको. जुन्या ओट्याने रस्त्याचे हातभर घेऊन बदल्यात काही दिले होते. हा उतार घेतो, आणि देत काहीच नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला? विलायतेत १९८० च्या रस्त्यांच्या कायद्याप्रमाणे ज्याला मोटार आत घ्यायची त्याने अर्ज करावा. पदपथाची कड उतरती करण्याचे काम सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली होते आणि खर्च मालकाने द्यायचा. कड खाली जाते. रस्ता वर येत नाही. जपानने १९६२ सालीच कायदा केला, की मोटार नोंदवायची तर ती उभी करायला जागा आहे, हे आधी दाखवा. दोन्ही ठिकाणी तत्त्व एक: वाहनाचा भार वाहनवाल्याने वाहायचा, शेजाऱ्यावर टाकायचा नाही. हे तत्त्व परकीय आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या वाड्याची पागा वाड्याच्या आतच असे. सरदाराने घोडा समोरच्याच्या ओट्याला बांधला नाही.

आपल्याकडे फेरीवाल्यांच्या बाबतीत न्यायाची वाट पुष्कळ पुढे गेली आहे, हेही नमूद केले पाहिजे. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पदपथ अडवण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्रीय कायदा झाला. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत, असे त्यात आहे. म्हणजे हातगाडीवाल्याला रस्त्यावर चार फूट हवे असतील तर त्याने नोंदणी करावी, प्रमाणपत्र घ्यावे, ठरलेल्या जागी बसावे, शुल्क भरावे. आम्ही हे मान्य केले. सभासदांना मान्य करायला लावले. मग उतारवाल्याने काय करावे? त्याने ना अर्ज, ना शुल्क, ना प्रमाणपत्र!

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो: समान कामाला समान दाम. त्याच न्यायाने समान अडथळ्याला समान टेप. यात उतार पाडाच, असा आमचा हट्ट नाही. मोटार ही आता चैनीची वस्तू राहिली नाही. कांदा विकून आलेल्या पैशांतून शेतकऱ्याच्या मुलाने जुनी गाडी घेतली, तर त्याचा आम्हांला आनंदच आहे. शिवाय मोटारीचा उतार आणि अपंगाच्या चाकाच्या खुर्चीचा उतार एका मापाने मोजू नयेत. २०१६ च्या कायद्याने अपंगांना सुगम वाटेचा हक्क दिला आहे, आणि त्या उतारासाठी रस्त्याने थोडे सरकून घ्यावे, हीच माणुसकी.

तर मग करावे काय? चांदवडची पालिका अजून तरुण आहे. नाशिकला जे दुरुस्त करायला आता बुलडोझर लागतो, ते आपल्याला खडूच्या रेघेने करता येईल. आमच्या चार सूचना आहेत. पहिली: प्रत्येक गल्लीत रस्त्याची रेषा रंगाने आखावी आणि तिचे माप पालिकेच्या फळ्यावर लावावे; म्हणजे टेप कोणाच्या हाती आहे यापेक्षा रेघ कुठे आहे हे महत्त्वाचे ठरेल. दुसरी: मोटारीचा चढ शक्यतो हद्दीच्या आत घ्यावा, गटारावर सिमेंट न ओतता उचलता येणारी जाळी किंवा फरशी असावी, आणि ती एका फाटकापुरतीच. तिसरी: हद्दीबाहेर जागा लागतच असेल तर अर्ज, माप आणि शुल्क ठरवावे, जसे फेरीवाल्याला ठरवले तसे. चौथी: गावठाणातले जुने ओटे आणि पायऱ्या यांना नव्या उतारांच्या पंगतीला बसवू नये. रस्ता रुंद करताना ते जाणार असतील तर १८८८ च्या कायद्यानेही जी भरपाई मान्य केली होती, ती देऊनच जावेत.

यांतली एकही सूचना मोठी नाही. कोणत्याही गल्लीतले दहा लोक एका संध्याकाळी टेप घेऊन हिंडले तर निम्मे काम होईल. आपले राज्य दिल्लीत चालते, मुंबईत चालते, असे आपण म्हणतो. पण माणसाला रोज भेटणारे राज्य त्याच्या उंबरठ्याबाहेर पहिल्या पावलाला असते. तिथे जर ओळखीच्या माणसाला एक माप आणि हातगाडीवाल्याला दुसरे माप असेल, तर वरची सारी राज्यघटना त्याला पुस्तकातलीच वाटणार.

त्या अधिकाऱ्यांची आणि आमची पुढे एकदा भेट झाली. ते आता निवृत्त झाले आहेत. आम्ही वही उघडून त्यांना ते वाक्य वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तेव्हा आम्हांला तसेच शिकवले होते.” आम्हांला त्यांचा राग आला नाही. ते खरेच बोलत होते. आपल्यालाही तसेच शिकवले आहे. म्हणून तर उतार दिसत नाही आणि हातगाडी दिसते.

आज घरी जाताना, श्रोतेहो, एवढेच करा: आपल्या दारापुढे थांबा आणि उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत पावले मोजा. त्यांतली आपली किती आणि सर्वांची किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे व्याख्यान तिथे संपते.